भिंतीवरील रंगीत प्रकाश आणि व्हिडिओवरील दर्शनपरीक्षा

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेत दर्शनास प्रथम स्थान आहे. दर्शनास वैद्याच्या डोळ्यांची आवश्यकता असते, तितकीच प्रकाशाचीही असते. चिकित्सालयात रुग्ण समोर असतो, खिडकीतून दिवसाचा उजेड येत असतो आणि म्हणून प्रकाशाचा स्वतंत्र विचार करण्याची गरज आपणांस सहसा भासत नाही. परंतु मोबाईलचा कॅमेरा हे दर्शनाचे एक नवे द्वार आता उघडले आहे आणि तेथे प्रकाशाचा विचार टाळता येत नाही.

एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्यवसायींसाठी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि व्हिडिओवरून रुग्णास सल्ला देण्याच्या पद्धतीस चौकट मिळाली. त्याच सुमारास आरोग्यविषयक व्याख्यानांचे थेट प्रक्षेपणही रूढ झाले. धन्वंतरी जयंती असो, २०२५ पासून २३ सप्टेंबरला साजरा होणारा आयुर्वेद दिन असो, किंवा औषधालयाने ऋतुचर्येवर ठेवलेला संवाद असो. वक्त्याच्या मागील भिंतीवर निळा, हिरवा वा जांभळा प्रकाश सोडण्याची प्रथा आता आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत अपरिचित राहिलेली नाही. ही प्रथा वाईट आहे असे मुळीच नाही. योग्य रीतीने योजिल्यास तिने चित्र उठावदार होते. मात्र तिचे काही नियम आहेत. ते न पाळल्यास वैद्याचे मुख कामलाग्रस्त दिसू लागते, चूर्णाचा वर्ण बदलतो आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाच्या परीक्षेत भ्रम उत्पन्न होतो. प्रस्तुत लेखात या विषयाची कारणमीमांसा व व्यवहारोपयोगी माहिती देण्याचा प्रयत्न केला आहे.

रंगीत पार्श्वभूमीचा हेतू

साध्या खोलीत ट्यूबलाइटखाली भिंतीला पाठ लावून बसलेल्या वक्त्याचे चित्र सपाट दिसते. मुख आणि भिंत यांवर सारखाच प्रकाश पडतो, केसांची कडा भिंतीत मिसळून जाते आणि मागे डोक्याची काळी सावली उमटते. भिंतीवर निराळ्या रंगाचा, मुखावरील प्रकाशापेक्षा मंद प्रकाश सोडला, की वक्ता पार्श्वभूमीपासून अलग होतो व चित्रास खोली येते. मनुष्याच्या त्वचेचा वर्ण, मग तो गौर असो वा श्याम, मूलतः नारिंगी-पिवळ्या छटेचा असतो. निळा व निळसर हिरवा हे त्याच्या विरुद्ध बाजूचे रंग होत. म्हणून या रंगांच्या भिंतीसमोर मुख चांगले उठून दिसते. रंगीत पार्श्वभूमीचा हेतू एवढाच आहे.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे स्वरूप आपल्या डोळ्यांपुरते बदलतात. निळ्याजवळ ठेवलेला पिवळा अधिक पिवळा भासतो. पिवळ्याजवळ ठेवलेला करडा किंचित निळसर भासतो. याचा अर्थ असा, की कॅमेऱ्याने रंग अचूक टिपले तरीही गडद निळ्या भिंतीसमोरील त्वचा पाहणाऱ्यास अधिक पीतवर्ण वाटू शकते. सौंदर्यासाठी हा गुण आहे, परीक्षेसाठी दोष आहे. पुढील सर्व विवेचनाचे बीज यातच आहे.

कॅमेरा रंग कसे ठरवितो

आपला डोळा दिव्याच्या पिवळ्या उजेडातही पांढरा कागद पांढराच समजतो. कॅमेऱ्यास ही समज उपजत नसते. म्हणून त्यात व्हाइट बॅलन्स नावाची स्वयंचलित योजना असते. चित्रातील एकूण रंगांची सरासरी साधारण करडी असावी, असे तिचे स्थूलमानाने गृहीतक असते. चित्रात एखादा रंग अधिक दिसला, की तो प्रकाशाचा दोष आहे असे समजून कॅमेरा त्याच्या विरुद्ध रंगाची भर घालतो.

आता भिंतीचा मोठा भाग निळ्या प्रकाशाने भरला आहे अशी कल्पना करावी. कॅमेरा निळेपणा घटविण्यासाठी पिवळी छटा वाढवितो. भिंत निळीच राहते, पण वक्त्याचे मुख मात्र पिवळे पडते. याउलट भिंतीवर हळदी रंगाचा प्रकाश असेल तर कॅमेरा निळी छटा वाढवितो आणि मुख फिकट, निस्तेज दिसते. निळी भिंत कामलेचा आभास निर्माण करते व पिवळी भिंत पांडूचा, असे थोडक्यात म्हणता येईल. नव्या मोबाईलमध्ये चेहरा ओळखून रंग सांभाळण्याची सोय असते, त्यामुळे हा दोष कमी होतो. तो पूर्णतः नाहीसा होत नाही.

यावर उपाय सोपा आहे. प्रथम भिंतीवरील रंगीत दिवा बंद ठेवावा, मुखावरील पांढरा दिवा लावावा, मुखाजवळ पांढरा कागद धरावा आणि कॅमेऱ्याच्या व्यवस्थेत व्हाइट बॅलन्स त्या स्थितीत कायम करावा. त्यानंतरच रंगीत दिवा लावावा. बहुतेक मोबाईलवर पडद्यावरील मुखावर बोट काही क्षण दाबून धरल्यास उजेडाचे प्रमाणही स्थिर करता येते. असे न केल्यास वक्ता किंचित हलला तरी चित्राचा रंग व उजेड बदलत राहतो.

मांडणी कशी करावी

१) अंतर : वक्त्याने भिंतीपासून किमान तीन-चार फूट पुढे बसावे. भिंतीवरून परतणारा रंगीत उजेड अंतर वाढेल तसा झपाट्याने क्षीण होतो. भिंतीला टेकून बसल्यास गाल, कान व पांढरा अंगरखा यांवर रंग चढतो.

२) मुखावरील प्रकाश : हा नेहमी श्वेत असावा. दिव्याच्या वेष्टनावर केल्विनमध्ये दिलेला आकडा पाहावा. ५००० ते ५५०० केल्विनचा दिवा दिवसाच्या उजेडाच्या जवळचा होय. त्याचबरोबर सीआरआय हा अंक पाहावा. दिव्याच्या उजेडात वस्तूंचे रंग किती यथार्थ दिसतात याचे ते माप असून १०० हे त्याचे पूर्ण मूल्य आहे. ९० वा त्याहून अधिक सीआरआयचा दिवा घ्यावा. सामान्य श्वेत एलईडी दिवा हा वस्तुतः निळा दिवा असून त्यावरील पिवळ्या लेपामुळे त्याचा उजेड पांढरा भासतो. हलक्या प्रतीच्या दिव्यात लाल अंश तोकडा असतो, त्यामुळे ओठ, जिव्हा व नखे यांची लाली मंद दिसते. दोन दिवे मुखाच्या उजव्या व डाव्या बाजूस, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडे उंच व तिरपे ठेवावेत.

३) प्रमाण : भिंतीचा उजेड मुखाच्या उजेडाच्या निम्म्यापेक्षा अधिक नसावा, पाव असल्यास उत्तम. भिंत अधिक उजळ झाली की पाहणाऱ्याची दृष्टी वक्त्यावरून भिंतीकडे जाते.

४) भिंत : प्रकाशाचा रंग व भिंतीचा रंग यांचा संयोग होऊनच अंतिम वर्ण दिसतो. अनेक जुन्या दवाखान्यांच्या भिंती फिकट हिरव्या वा निळ्या असतात. हिरव्या भिंतीवर लाल प्रकाश टाकल्यास तो बराचसा शोषला जाऊन भिंत मळकट दिसते. पांढरी वा फिकट करडी, चकाकी नसलेली भिंत सर्वांत सोयीची. ऑइलपेंटच्या भिंतीवर दिव्याचे प्रतिबिंब चमकते. तेथे साधा सुती पडदा लावावा.

५) दिव्याची पट्टी : बाजारात मिळणारी रंग बदलणारी एलईडी पट्टी बहुधा १२ व्होल्टची व पाच मीटर लांबीची असते. मीटरला ६० दिवे असलेल्या प्रचलित पट्टीस पूर्ण तेजावर मीटरमागे सुमारे १४ वॅट, म्हणजे संपूर्ण पट्टीस सुमारे ७२ वॅट वीज लागते. पार्श्वभूमीसाठी दोन मीटर पुरेसे होतात. तेवढ्यास ३० वॅटपेक्षा कमी वीज व ३ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरही मोठा भार पडत नाही. अशा पट्टीवर सामान्यतः दर तीन दिव्यांनंतर कापण्याची खूण असते, तेथेच कापावी. पट्टी कपाटामागे वा टेबलामागे अशी लपवावी, की दिवे न दिसता भिंतीवरील उजेडच दिसेल.

६) चित्रातील पट्टे : आपल्याकडील विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने ट्यूबलाइट व अनेक दिव्यांचा उजेड सेकंदास शंभर वेळा कमी-अधिक होतो. तो डोळ्यास जाणवत नाही, पण कॅमेऱ्यात आडवे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेऱ्याच्या व्यवस्थेत ५० हर्ट्झ हा पर्याय निवडावा. रंगीत पट्टीचे तेज रिमोटने कमी केल्यावरही असे पट्टे दिसू शकतात, कारण तेथे दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करूनच तेज कमी केले जाते. अशा वेळी तेज पूर्ण ठेवून पट्टीची लांबी कमी करावी वा तिच्यावर दुधी आवरण लावावे.

७) रंगाची गडदता : इंटरनेटवरून चित्र पाठविताना त्याचा आकार लहान करावा लागतो. त्यासाठी उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण ठेवून रंगांचा तपशील सामान्यतः एक चतुर्थांश केला जातो. म्हणून गडद लाल वा गडद निळ्या रंगाच्या कडा विस्कटतात आणि रंगाच्या मंद छटांऐवजी पायऱ्या दिसतात. ग्रामीण भागात नेटवर्क क्षीण असते तेथे हा दोष अधिक जाणवतो. यास्तव फिकट छटाच निवडावी, तिचा रंग एकच असावा व तो सतत बदलता नसावा.

८) सुरक्षितता : अडॅप्टर व २३० व्होल्टची जोडणी तेलपाकाच्या शेगडीपासून, तसेच आसवारिष्टे व स्पिरिट यांच्या साठ्यापासून दूर असावी. शोभेसाठी पट्टी औषधांच्या कपाटात, घृत-तैलांच्या बरण्यांलगत लावू नये. बंद जागेत तिची उष्णता साठते. भिंतीवर रुग्णांची कागदपत्रे, नोंदवही वा नावे असलेली पाकिटे चित्रात येत नाहीत ना, हेही पाहावे.

हळद, कुंकू व पान यांची कसोटी

मांडणी योग्य झाली की नाही हे ठरविण्यासाठी महाग उपकरणाची गरज नाही. आपला जिल्हा हळदीचा आहे. हळदीची प्रत उजेडात पाहिल्याखेरीज कळत नाही, हे वसमत व हिंगोलीच्या बाजारात हळद आणणाऱ्या शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. तोच न्याय येथे लावावा.

पांढऱ्या कागदावर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू व तुळशीचे एक पान ठेवावे. वक्त्याच्या मुखाच्या जागी तो कागद धरून चित्र दुसऱ्या मोबाईलवर पाहावे. प्रथम भिंतीवरील दिवा बंद ठेवून, नंतर लावून, अशी दोन्ही चित्रे ताडून पाहावीत. रंगांत फरक पडला नाही तर मांडणी निर्दोष समजावी. फरक पडल्यास भिंतीचा रंग मुखापर्यंत पोहोचतो आहे किंवा कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स स्थिर नाही. केवळ लाल प्रकाशात कुंकू व पांढरा कागद यांतील भेद जवळजवळ नाहीसा होतो; केवळ निळ्या प्रकाशात हळद व कुंकू दोन्ही काळपट दिसतात. हे एकदा प्रत्यक्ष पाहिल्यावर रंगीत प्रकाशात जिव्हा का पाहू नये, हे निराळे सांगावे लागत नाही.

औषधालयाच्या चालकांनी चूर्ण, क्वाथ वा वनस्पती दाखविताना ही कसोटी अवश्य करावी. ग्राहकाने पडद्यावर पाहिलेला वर्ण व हाती आलेल्या औषधाचा वर्ण यांत अंतर पडल्यास त्याचा विश्वास ढळतो. तसेच पडद्यावरील उजळ वर्ण हा शुद्धतेचा पुरावा नव्हे, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

परीक्षेच्या वेळी मात्र रंग नको

योगरत्नाकरोक्त अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् व आकृती यांचा समावेश होतो. यांपैकी नाडी व स्पर्श व्हिडिओवरून होत नाहीत. मल-मूत्रांची माहिती बहुतांशी प्रश्नानेच मिळते. शब्द ध्वनीवर अवलंबून आहे. उरलेल्या जिव्हा, दृक् व आकृती या तीन परीक्षा सर्वस्वी प्रकाशावर अवलंबून आहेत. दूरस्थ रुग्णाबाबत आपल्या हाती उरलेले हे मोजके साधन प्रकाशाच्या दोषाने बिघडले, तर निदानाचा पायाच डळमळतो.

चरकसंहितेतील पांडुरोगचिकित्सिताध्यायात कामलेचे वर्णन करताना नेत्र, त्वचा, नखे व मुख हळदीच्या वर्णाचे होतात असे सांगितले आहे. रुग्ण घरात पिवळ्या बल्बखाली बसला असेल तर स्वस्थ मनुष्यही हारिद्रनेत्र दिसू शकतो. उलट, कॅमेऱ्याने तो पिवळेपणा दोष समजून काढून टाकला, तर खरी कामलाही झाकली जाते. दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण तीत रुग्णास धोका नसल्याचे खोटे समाधान मिळते. ऊसतोडीसाठी वा मजुरीसाठी दूर गेलेला रुग्ण रात्री व्हिडिओवरून बोलतो, तेव्हा हा प्रसंग केवळ कल्पनेतील राहत नाही.

म्हणून पुढील क्रम पाळावा. रुग्णास बोलावतानाच शक्यतो दिवसाची वेळ द्यावी. "दारात या, उजेडाकडे तोंड करून बसा," असे सांगावे. थेट ऊन मुखावर नको व पाठीमागेही नको. जिव्हा व नेत्र दाखविताना शेजारी पांढरा कागद वा धुतलेला पांढरा रुमाल धरावयास सांगावे. तो रुमालच पडद्यावर पिवळा दिसला, तर नेत्राच्या पीततेवरून काहीही अनुमान काढू नये. मोबाईलमधील चेहरा गोरा व नितळ करणारी सोय रुग्णाने बंद करावी.

वैद्यानेही आपल्या बाजूस दोन गोष्टी कराव्यात. पहिली, भिंतीवरील रंगीत दिवा बंद करावा. काही वेळ रंगीत उजेडात बसल्यावर डोळा त्यास सरावतो आणि पडद्यावरील सूक्ष्म वर्णभेद त्यास नीट कळत नाहीत. दुसरी, मोबाईलमधील रात्रीचा वा डोळ्यांना आराम देणारा पिवळसर पडदा बंद करावा. तो चालू असताना प्रत्येक रुग्ण हळदीच्या वर्णाचा दिसतो, आणि ही साधी बाब सहज विस्मरणात जाते.

इतके करूनही पांडू वा कामलेची शंका उरली तर व्हिडिओवर विसंबू नये. हिमोग्लोबिन व बिलिरुबिनची रक्ततपासणी करवून घ्यावी व रुग्णास प्रत्यक्ष पाहावे.

रंगीत प्रकाश म्हणजे उपचार नव्हे

पार्श्वभूमीवरील रंगांना उपचाराचे नाव देण्याचा मोह काहींना होतो. यासंबंधी एक इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मुंबईत १८७३ मध्ये जन्मलेले दिनशा घडियाली यांनी अमेरिकेत जाऊन रंगीत काचांतून प्रकाश टाकणारे 'स्पेक्ट्रोक्रोम' नावाचे यंत्र प्रचारात आणले. त्याने नाना रोग बरे होतात असा त्यांचा दावा होता. तेथील औषध प्रशासनाच्या खटल्यात १९४७ मध्ये कॅम्डेन येथील न्यायालयात ते दोषी ठरले.

याउलट नवजात बालकांच्या काविळीत निळ्या प्रकाशाचा उपयोग सिद्ध आहे. इंग्लंडमधील क्रेमर व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये त्याचे वृत्त प्रसिद्ध केले. मात्र तेथे प्रकाशाची तरंगलांबी, तीव्रता व कालावधी निश्चित असतात, आणि निळा उजेड त्वचेतील बिलिरुबिनचे रूप बदलून ते शरीराबाहेर टाकण्यास साहाय्य करतो. भिंतीवरील शोभेच्या पट्टीशी त्याचा संबंध नाही. शिवाय त्या निळ्या उजेडातील बालकाची कावीळ डोळ्यांनी पाहून जोखता येत नाही, रक्तच तपासावे लागते. रंगीत प्रकाश परीक्षेस बाधक असतो याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

कायद्याचीही एक बाब लक्षात असावी. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यात जाहिरातीची व्याख्या व्यापक आहे. प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही तीत येते. थेट प्रक्षेपणात बोललेला शब्द छापील पत्रकाइतकाच जबाबदारीने बोलला पाहिजे.

समारोप

सारांश, व्याख्यानाच्या वेळी रंग भिंतीवर असावा, मुखावर व औषधावर श्वेत प्रकाश असावा, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स स्थिर असावा आणि रुग्णपरीक्षेच्या वेळी रंगीत दिवा बंद असावा. ही चार पथ्ये पाळल्यास नव्या साधनाचे सौंदर्य व जुन्या शास्त्राची दृष्टी या दोहोंचा मेळ बसू शकेल. दिव्याची पट्टी काही शे रुपयांत मिळते आणि हळद-कुंकवाची कसोटी तर घरातच आहे. आपापल्या चिकित्सालयात व औषधालयात वैद्यबंधुभगिनींनी पुढील प्रक्षेपणापूर्वी ती एकदा अवश्य करून पाहावी, ही विनंती.

इत्यलम्।